महेबूबचाचांची ‘निघालीच’

आमच्या मुखेड स्टँडवर महेबूबचाचा रिकाम्या रिक्षात बसून तोंडानं ‘डर्रर्र’ असा आवाज काढायचे. नुसता आवाज नाही, तर सीटवर बसल्या बसल्या उड्या मारून रिक्षा हलवायचेसुद्धा. नवा माणूस बिचकायचा. त्यांची रिक्षा बॅटरीची होती, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

त्याचं असं आहे, आमच्याकडं टमटम भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून हातभर पुढं, हातभर मागं करत राहायची रीत. ड्रायव्हर ओरडणार, "निघालीच!" आणि गाडी तासभर जागची हलणार नाही. तरी लोकांचा विश्वास गुरगुरणाऱ्या गाडीवरच. चाचांची टमटम डिझेलची होती तेव्हा या थापेत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. धूर असा, की समोरची एसटी नांदेडची की लातूरची, पाटी वाचता यायची नाही.

त्या धुरातच त्यांच्या बायकोचा, जैतूनचाचींचा, बांगड्यांचा गाडा असायचा. त्यांना दमा जडला. डॉक्टरांनी धुराला बंदी केली आणि गाडा घरी गेला. थोड्याच दिवसांत चाचांनी डिझेलची टमटम विकून ही मुकी रिक्षा आणली. विचारलं तर म्हणाले, "डिझेल परवडंना, सर. दुसरं काय न्हाई."

पण मुक्या गाडीत बसणार कोण? "चाचा, आधी चालू तर करा," म्हणत लोक शेजारच्या टमटममध्ये शिरायचे. ओरडून चाचांचा घसा बसला, सवारी काही बसेना.

एक दिवस शाळेला उशीर झाला म्हणून मी एकटाच बसलो. "बसा सर. आता थापा बंद," चाचा म्हणाले, आणि खरोखर निघाले. एका सवारीवर! बॅटरीला ते परवडत होतं. मग त्यांनी वेळ सांगून निघायचा सपाटाच लावला. सांगितल्या वेळी निघणारी गाडी आमच्या गावानं पाहिलीच नव्हती. त्यांच्याकडं रांग लागली, आणि गुरगुरणारे एकेक करत मुकाट बॅटरीवर आले. आता एसटीची पाटी लांबून वाचता येते. स्टँडवरच्या लिंबाखाली बांगड्यांचा गाडाही परत आलाय.

परवा रिक्षा भरली, वेळ झाली, तरी चाचा हलेनात. गाड्यापाशी चाची एका पोरीला बांगड्या भरत होत्या. बोलत होत्या, हसत होत्या, आणि मधे कुठं खोकला नव्हता. चाचा कान देऊन ऐकत होते.

"चाचा, निघायचं का न्हाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"निघालीच," चाचा म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.

त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला. फार बरं वाटलं.