पाणवठा संघाची अकरावी जागा

एका जंगलात मंगळवार होता.

जंगलात वार कुठले, असं विचारू नका मुलांनो. तिथे बुधवारी फुटबॉलचा सामना असायचा. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी मंगळवार यायचा. बाकीच्या वारांची जंगलाला गरज नव्हती.

तर त्या मंगळवारी हिंदुराव गवे चिखलात लोळत होते. लोळून झालं की ते उठून उभे राहायचे. मग गुंडोपंत बगळे उडत यायचे आणि त्यांच्या पाठीवर बसायचे. पंत गोचीड टिपायचे आणि दोघे फुटबॉलवर बोलायचे. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

हिंदुराव उठून उभे राहिले. पंत आले नाहीत. अंगावरच्या चिखलाचे पोपडे झाले, तरी आले नाहीत.

शेवटी शेकरू आला. एरवी तो फांदीला उलटा लटकून बोलायचा. आज खाली उतरला आणि सरळ उभा राहिला.

"आबा, पंत गेले."

"कुठं?"

हिंदुराव उत्तराची वाट पाहत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा चिखलात जाऊन बसले.

आता एक गुपित सांगतो. हिंदुरावांना दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. हे जंगलात कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण एवढ्या मोठ्या प्राण्याला 'तुम्हाला दिसतं का हो' असं विचारायला कोणी दहा पावलांच्या आत येत नसे.

पंतांना मात्र ठाऊक होतं. म्हणून दर बुधवारी मैदानाच्या कडेला हिंदुराव उभे राहत आणि पंत त्यांच्या पाठीवरून सगळा सामना सांगत. सांगण्यात खोट एकच होती. ऐन वेळी ते थांबायचे. "ससा सुटला, दोघांना चुकवलं, आता समोर फक्त गोलकीपर, आणि... थांबा, गोचीड आहे." मग चोच मारल्याचा आवाज. मग गिळल्याचा. तोवर गोल होऊन गेलेला असायचा. हिंदुरावांनी आयुष्यातले निम्मे गोल असे गोचिडाच्या नंतर पाहिले.

दोघांचा लाडका संघ म्हणजे पाणवठा संघ. समोर कायम टेकडी संघ. तिसरा संघ जंगलात नव्हता, त्यामुळे पाणवठा संघ दरवर्षी किमान उपविजेता असायचा आणि त्याचा सर्वांना अभिमान होता.

या संघाला यंदा पन्नास वर्षं झाली. समितीने ठरवलं, की पाणवठ्याचा सर्वकालीन सर्वोत्तम संघ जाहीर करायचा. आधी मतदान घेतलं. मत देणारी सगळी पोरंटोरं. त्यांचा सर्वकाळ गेल्या पावसाळ्यात सुरू झालेला. यादीत एका सशाचं नाव चार वेळा आलं. मग कोणीतरी सुचवलं, की सगळे सामने पाहिलेले दोघंच आहेत, त्यांनाच विचारा.

दहा नावं दोघांनी एका बैठकीत काढली. गोलमध्ये अस्वलबाई. त्या चेंडूला मिठी मारायच्या आणि मोहाची फुलं पुढे केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा त्यांनी चेंडू समजून टेकडीच्या कप्तानाला धरलं होतं, तेव्हाही हाच उपाय करावा लागला. त्यांच्यापुढे साळिंदर. त्याच्या अंगावर जायला कोणी धजत नसे, चेंडूसुद्धा. एका मोसमात त्याने सात चेंडू फोडले, पण गोल एकही होऊ दिला नाही. मग तो चौशिंगा. त्याच्या चार शिंगांत चेंडू अडकला आणि तो चेंडूसकट जाळ्यात शिरला. हे नियमात बसतं की नाही, यावर तीन पावसाळे चर्चा झाली. दोन पाणमांजरं होती, चिखल असला तरच खेळणारी. आणि थोरला ससा, जो एकदा गोलच्याही पुढे पळत गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. अशी दहा.

अकराव्यावर गाडी अडली.

पंत म्हणत, लखू भेकर. हिंदुराव म्हणत, अजिबात नाही; रानडुक्कर घ्या. कारण विचारलं, तर डुक्कर एकदा खेळता खेळता थेट हिंदुरावांवर येऊन आदळलं होतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तेवढा एकच खेळाडू.

लखू भेकर एकच मोसम खेळला आणि कुठे निघून गेला, कळलं नाही. त्याचा गोलही एकच. त्या दिवशी मैदानावर धुकं होतं. खेळणाऱ्यांना स्वतःचे पाय दिसत नव्हते. धुकं उठलं तेव्हा चेंडू टेकडीच्या जाळ्यात होता आणि लखू कोपऱ्यात उभा राहून पान खात होता, म्हणजे जांभळाचं. चेंडू गेला कसा, हे फक्त पंतांना दिसलं. कारण धुकं हिंदुरावांच्या पाठीपर्यंत होतं आणि पंत त्याच्या वर होते.

"कोपऱ्यातून मारला," पंत सांगत. "चेंडू उंच गेला. जांभळाच्या शेंड्यापाशी थांबला, जरा विचार केला, आणि जांभळाला वळसा घालून खाली आला."

"चेंडू विचार करतो होय? आपल्याला न्हाई पटत, पंत."

"पुन्हा सांगतो. नीट ऐका."

आणि पंत पुन्हा सांगत. पहिल्या वर्षी चेंडूने एका जांभळाला वळसा घातला होता. पुढे दोन झाली. गेल्या उन्हाळ्यात एक घारही आली. चेंडूला वाट द्यायला ती बाजूला सरकली, म्हणे.

"आपल्याला न्हाई पटत," हिंदुराव म्हणत, आणि कान पुढे करत.

तर पंत गेले, आणि बुधवारी सकाळी कोल्हा आला. कोल्हा समितीचा सेक्रेटरी. नऊ वर्षांपूर्वी तो निवडून आला, तेव्हा निकालावर तरसाने हरकत घेतली होती. कोल्ह्याने लगेच नियम करून घेतला, की वाद मिटेपर्यंत वादातली जागा आहे तशीच राहील. पुढे तरस वारला. आता हरकत मागे कोण घेणार? म्हणून कोल्हा नऊ वर्षं आहे तसाच होता.

"समितीला फार दुःख झालं आहे," कोल्हा म्हणाला. "अकरावं नाव कधी देताय?"

हिंदुराव चिखलात आणखी खाली सरकले.

पुढच्या बुधवारी समारंभ आहे, नावांच्या पाटीवर तेवढी एकच ओळ रंगवायची राहिली आहे, असं कोल्ह्याने सांगितलं. पंत आता नाहीत, तेव्हा तुमचं डुक्कर लिहायला हरकत नाही, असंही सांगितलं. आणि नाव सुचतच नसेल, तर समितीकडे एक आहे. वाघाचा भाचा. त्याच्या पायातून आजवर एकदाही कोणी चेंडू काढून घेतलेला नाही. म्हणजे चेंडूवरचा ताबा बघा.

आठ दिवस हिंदुराव चिखलात बसून होते. डुक्कर लिहावं, तर आपण जिंकलो. पण जिंकल्यावर "पुन्हा सांगतो" म्हणणारं कोणी नव्हतं. लखू लिहावा, तर पंत जिंकले. ते पाहायलाही पंत नव्हते. शिवाय पाटीवर नाव चढलं, की त्या गोलाबद्दल कोणी बोलणार नाही. अस्वलबाईंचं नाव चढल्यापासून त्यांच्या मिठीबद्दल तरी कोण बोलत होतं? आणि काहीच लिहिलं नाही, तर वाघाचा भाचा.

गोचीड खूप झाले होते. हिंदुरावांनी ते काढून घेतले नाहीत.

बुधवारी सगळं जंगल मैदानावर जमलं. पाटीवर दहा नावं होती. अकराव्या ओळीसमोर शेकरू शेपटी रंगात बुडवून उभा होता. वाघाचा भाचा पुढच्या रांगेत बसला होता. त्याच्या आजूबाजूच्या सहा जागा रिकाम्या होत्या.

"नाव सांगा," कोल्हा म्हणाला.

"ती जागा वादात हाय," हिंदुराव म्हणाले.

"कोणाशी वाद?"

"पंतांशी."

कोल्हा हसला. आवाज मऊ करून त्याने सर्वांना समजावलं, की हिंदुरावांना धक्का बसला आहे, आपण समजून घेतलं पाहिजे. मग त्यांच्याकडे वळला. "आबा, पंत वारले. वाद संपला."

"मग तरसाचाबी संपला," हिंदुराव म्हणाले.

मागून एका पाणमांजराला खोकला आला. कोल्ह्याने पाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं.

"नियमाचा मान राखला पाहिजे," तो म्हणाला. "अकरावी जागा आहे तशीच राहील."

पाटी तशीच टांगली गेली. दहा नावं आणि एक कोरी ओळ.

आता गंमत पाहा. दहा नावं कोणी वाचत नाही. पोरं येतात ती कोऱ्या ओळीखाली उभी राहतात आणि इथे कोण, असं विचारतात. मग त्यांना कोणीतरी हिंदुरावांकडे धाडतं.

हिंदुराव वाद नीट मांडतात. दोन्ही बाजू मांडतात. पंतांची बाजू आधी. कोपरा, धुकं, जांभूळ. जांभळं आता तीन झाली आहेत. चेंडू शेंड्यापाशी येतो, घार सरकते, पोरं श्वास रोखतात.

"आणि... थांबा, गोचीड," हिंदुराव म्हणतात.

पाठीवर कोणी नसतं. पण थांबायचं तिथे ते थांबतात, गिळायला लागेल तेवढा वेळ.

"मग आबा, चेंडू खरंच वळला का?"

"पंत म्हणत्यात वळला. आपल्याला न्हाई पटत."

पोरं चिडतात. पुन्हा सांगा म्हणतात. हिंदुराव पुन्हा सांगतात.

तो गोल त्यांना पहिल्याच वेळी पटला होता. हे तेवढं पंतांना सांगायचं राहून गेलं.

तात्पर्य : वाद वेळच्या वेळी मिटवावेत, असं शहाणे सांगतात. शहाण्यांच्या संघात पुरते अकरा खेळाडू असतात, आणि त्यातला एक वाघाचा भाचा असतो.