रिसबूडकाकांची बिजागरी

रिसबूडकाकांना जेवायला बोलावलं की पहिलं वाढप त्यांचं ताट तपासून होईपर्यंत थांबवावं लागतं. ते ताट उलटं करून खाली कुठल्या देशाचं नाव आहे ते वाचतात. एकदा आमच्याकडे त्यांनी भरलेली वाटीही वाकडी केली होती. आमटी टेबलभर. माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "इट्स मेड इन टर्की, काका." काका खूश झाले. "बघ, पोरीला कळतं."

आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात दारांच्या बिजागऱ्या बनवणारा आमचा छोटा कारखाना आहे. काका तिथले प्रॉडक्शन मॅनेजर, मी सेल्सला. आमचे मालक, म्हणजे अरबाब, पूर्वी बाहेरून तयार बिजागऱ्या आणून खोक्यात भरून विकायचे. "हबीबी, खोकी भरणं म्हणजे उद्योग नव्हे," असं वर्षभर ऐकवून काकांनी त्यांना मशिनं घ्यायला लावली.

काकांचा आवडता शब्द 'पॉलिसी'. सकाळी माझ्या गाडीत बसले की एसी चालू होईपर्यंत त्यांचं पहिलं वाक्य आलेलं असायचं. "नव्या उद्योगाला सरकारनं बोट धरून चालवावं. पण तो चालायला शिकावा म्हणून. जन्मभर कडेवर घेतलेला कारखाना पाय विसरतो." पुण्यात त्यांचा जुना कारखाना असाच बसला होता. बाहेरचा माल बंद होता तोवर कुणी सुधारणा केली नाही आणि माल आला तेव्हा वेळ उरला नाही. त्यातून काका इकडे आले.

मागच्या वर्षी खलिफा सिटीतल्या सरकारी व्हिलांची मोठी ऑर्डर निघाली. इथे बनलेल्या मालाला प्राधान्य होतं, पण काँट्रॅक्टरचा इंजिनिअर नाक मुरडत होता. लोकल बिजागरी वर्षभरात कुरकुरते, असं त्याचं मत. अरबाबने काकांना केबिनमध्ये बोलावलं. "रिसबूड, ये ऑर्डर गया तो खलास. मशीन बेच देंगे, फिर बाहर का माल लाएंगे."

मशिनांवर आमची कोकणातली पोरं होती. मशिनं विकली असती तर ती सगळी घरी गेली असती. मी काकांना म्हटलं, "प्राधान्याचा नियम आहे ना? तोच पुढे करू."

"नियमानं आपण आत जाऊ," काका म्हणाले. "आत टिकायचं कशावर?"

त्यांनी इंजिनिअरला सरळ सांगितलं की आम्हाला सवलत नको. दोन सारखी जड दारं घ्या, एकाला तुमची परदेशी बिजागरी, दुसऱ्याला आमची. दोन्ही मशिनवर उघडझाप करत ठेवा.

चाचणी आमच्याच शेडमध्ये चालली, इंजिनिअरच्या माणसांच्या पहाऱ्यात. काका दोन दारांच्या मधे खुर्ची टाकून बसायचे, डबाही तिथेच खायचे. चौथ्या आठवड्यात एक दार बारीक आवाजात कण्हू लागलं. सगळी शेड थांबली. काकांनी डोळे मिटले.

इंजिनिअर वाकला, कान लावला, सरळ झाला. "ते आमचं आहे," तो म्हणाला.

शेडमध्ये असा कल्ला झाला की शेजारच्या कारखान्यातली माणसं बघायला आली. अरबाबने काकांना कडकडून मिठी मारली आणि जुनी मशिनं विकायची सोडून दोन नवी मागवली. आमच्या बिजागऱ्या आता ओमानलाही जातात. पोरांनी काकांना खांद्यावर घेतलं तेव्हा ते ओरडत होते, "कडेवर नको, खाली ठेवा."

अरबाबने बक्षीस विचारलं. काका म्हणाले, "व्हिलात माणसं राहायला आली की एकदा दाखवा."

म्हणून एका रविवारी मी त्यांना खलिफा सिटीला नेलं. घरमालकानं गहवा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर दिले. त्याची चार मुलं या खोलीतून त्या खोलीत धावत होती आणि दारं आपटत होती. तो रागावणार तोच काकांनी हात वर केला. "खेलने दो."

मग ते बराच वेळ नुसते ऐकत बसले. मला वाटलं, कुरकुर शोधताहेत.

परतताना पॉलिसीचा शब्द निघाला नाही. शारजा जवळ आल्यावर ते म्हणाले, "मंजिरी असताना आमच्याकडे दार वाजलं की ती आतून विचारायची, कोण ते. आता मीच उघडतो, मीच लावतो."

मंजिरीकाकी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत काकांनी त्यांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझी मुलगी दार आपटते का रे?"

"रोज."

"मग आज तुझ्याकडेच येतो."