दोन मिनिटं चाळीस सेकंद

संध्याकाळी सात वाजता मालिकेचा आठवा भाग सुरू होणार होता आणि साडेसहापासून टीव्ही मेकॅनिकच्या घरात कोणी धड बोलत नव्हतं. कारण आठव्या भागातला एक प्रसंग मेकॅनिकच्या मुलीचा होता.

ती पडद्यावर दिसणार नव्हती. ती फिजिक्स शिकलेली होती आणि या अंतराळ मालिकेची विज्ञान सल्लागार होती. दिग्दर्शक चुका करायचे, ती दाखवून द्यायची, ते "बघू" म्हणायचे आणि पुढच्या भागात तीच चूक व्हायची. सात भागांत यानं फुटली ती धडाडधूम करतच फुटली. अवकाशात हवा नाही, त्यामुळे आवाज पोचणार नाही, हे तिने सातही वेळा सांगितलं होतं. आठव्या वेळी दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "ठीक आहे. यान फुटल्यापासून कॅप्टनबाई दुसऱ्या यानात शिरेपर्यंत, दोन मिनिटं चाळीस सेकंद, आवाज शून्य. पण मालिकेबद्दल शंभराच्या वर तक्रारी आल्या, तर पुढच्या भागापासून स्फोट दणदणीत आणि तुम्ही घरी."

"संगीतही नको," ती म्हणाली. "तिथे वाजवायला कोण बसलंय?"

"निदान हेल्मेटमधला श्वास?"

"कॅमेरा हेल्मेटच्या बाहेर आहे."

कथा फोडणार नाही अशा कागदावर तिने सही केली होती, आणि ती सही पाळणारी मुलगी होती. त्यामुळे घरी तिने एवढंच सांगितलं, "यान फुटलं की नीट बघा. तो भाग माझा."

"बघणार ना," बाबा म्हणाले. "हलणार नाही जागेवरून."

शेजारच्या खुर्चीत आत्या बसली होती. आत्या म्हणजे मेकॅनिकची मोठी बहीण. ती कानाने जड होती. चित्रं बघून ती गोष्ट आपली आपण लावून घ्यायची आणि ती बहुतेक वेळा मूळ गोष्टीपेक्षा बरी असायची.

सात वाजून बावीस मिनिटांनी यान फुटलं. पडद्यावर केशरी गोळा फुलला, पत्रे हळूहळू गिरक्या घेत पसरले, त्यांच्यामधून कॅप्टनबाई तरंगत निघाल्या. आवाज काहीच नाही. मुलगी खुर्चीत पुढे सरकली.

"गेला," बाबा म्हणाले आणि उठले.

"बाबा, बसा. बिघडलेला नाही तो."

"अगं, तू फिजिक्स शिकलीस. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे."

तीस वर्षांची सवय होती. आधी आवाज वाढवायचा, मग वायर हलवायची, मग डाव्या बाजूला तळहाताने एक थाप. चपटे टीव्ही आल्यापासून थाप मारायला जागाच उरली नव्हती आणि गिऱ्हाईकंही उरली नव्हती. हात मात्र शिल्लक होता. त्यांनी आवाज शंभरावर नेला, रिमोट खिशात टाकला आणि ते वायर हलवू लागले. तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका होत्या. "काका, आमचा टीव्ही मुका झाला हो."

त्यांच्या मागे समोरचा बेकरीवाला, हाताला पीठ तसंच. "आमचापण. आत्ता चांगला होता."

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काकांना सांगा, आमचाही."

गेल्या दोन वर्षांत मेकॅनिकच्या दारात एका वेळी एवढी माणसं आली नव्हती. ते जिन्यात गेले आणि ऑपरेशनआधी सर्जन बोलेल तशा सुरात म्हणाले, "घाबरू नका. लाइनचा प्रॉब्लेम दिसतोय. सगळ्यांनी आवाज पूर्ण वाढवून ठेवा. परत आला की लगेच कळेल."

"बाबा, नका सांगू तसं. रिमोट द्या इकडे."

पण बाबा शिक्षिकांच्या मागोमाग वर निघाले होते आणि खालपासून वरपर्यंत हीच मालिका बघणाऱ्या चौदा घरांत आवाज शंभरावर चढत होता. मुलीने घड्याळ पाहिलं. पस्तीस सेकंद उरले होते. कॅप्टनबाई दुसऱ्या यानाच्या दारापाशी पोचल्या होत्या. आता त्या आत शिरणार, दार लागणार, खोलीत हवा भरणार आणि हवेबरोबर आवाज येणार. हे तिनेच लिहून दिलं होतं. ती बाबांच्या मागे जिना चढली, दोन-दोन पायऱ्या.

ती शिक्षिकांच्या दारात पोचली आणि बाबांनी टीव्हीच्या डाव्या कडेला थाप मारली.

तो प्रसंग हळवा होता. दमलेल्या कॅप्टनबाई आतल्या बंद दाराला टेकून जेमतेम ऐकू येईल असं कुजबुजतात, "कोणी आहे का? दार उघडा." ती कुजबुज चौदा टीव्हींमधून शंभराच्या आवाजात बाहेर पडली. खिडकीवरची कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं पलंगाखाली गेलं. आणि जिन्यातली उरलेली सगळी दारं खरोखर उघडली.

"काका," बेकरीवाला म्हणाला, "एका थापेत अख्खी बिल्डिंग?"

बाबा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. "कधी कधी होतं असं," ते नम्रपणे म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "तुझा प्रसंग झाला का गं?"

"झाला," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने सगळं समजावून सांगितलं, आत्याला कानाशी ओरडून. बाबांनी खिशातून रिमोट काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मी तुझी शांतता दुरुस्त करायला निघालो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकांचा फोन आला. "चारशे बारा तक्रारी," ते म्हणाले.

मुलगी खाली बसली. "मी घरी बसते मग."

"ऐका तर. चारशे बाराही टीव्ही बिघडल्याच्या आहेत. मालिकेबद्दल एकही नाही. आपलं काय ठरलं होतं? मालिकेबद्दल." मग त्यांनीच तोडगा काढला. "पुढच्या वेळी फक्त खाली एक ओळ टाकू. आपला टीव्ही ठीक आहे, अशी."

दुपारी तोच भाग पुन्हा लागला. या वेळी बाबा दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले. यान फुटलं. पत्रे गिरक्या घेत पसरले, मागे तारे स्थिर होते, आणि त्या अफाट काळोखात एक बाई अगदी एकटी तरंगत होती. काल हे त्यांना दिसलंच नव्हतं. दीड मिनिट ते गप्प राहिले. मग न राहवून पुटपुटले, "आता येईल आवाज."

त्यांचे ओठ हललेले पाहून आत्याने त्यांच्या दंडावर चापट मारली. "गप रे जरा. आज पहिल्यांदा तुम्हा सगळ्यांना माझ्याइतकंच ऐकू येतंय."