पिकल आणि वॉफल माणूस निवडतात

हे बघा, प्राण्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही! माझ्यावर भुंकणारा कुत्रा अजून जन्माला यायचाय. म्हणूनच पिकल आणि वॉफल ही शुगर ग्लायडरची जोडी घरी आणली तेव्हा मी डनेलला छातीठोकपणे सांगितलं, "थोडे दिवस थांब. दोघं माझ्या खांद्यावर बसून टीव्ही बघतील!"

डनेल माझी मैत्रीण. ती हे प्राणी वाढवते. ती नुसती हसली. "ब्रिटाबाई, तू कोण निवडणारी? ते निवडतात!"

ग्लायडर म्हणजे काय, तर मुठीत मावणारी खार, कोटाच्या बटणाएवढे डोळे आणि हातापासून पायापर्यंत कातडीची झालर. उंचावरून उडी मारली की थेट पतंग!

अडचण एकच. मी राहते मिनेसोटातल्या डलुथमध्ये, हॉल्वर्सन मंडळींच्या तळघरात भाड्याने, आणि आर्न हॉल्वर्सनसाहेबांचा नियम कडक: घरात प्राणी नको. मासासुद्धा ताटातच हवा! कळलं असतं तर मी, पिकल, वॉफल आणि माझी गादी, चौघंही बर्फात.

म्हणून मी गुपचूप कामाला लागले. ग्लायडर माणसाळवायची डनेलची पद्धत अशी: चांगला घामट, न धुतलेला शर्ट फाडायचा, तुकडे त्यांच्या झोपायच्या पिशवीत कोंबायचे आणि ती पिशवी दिवसभर गळ्यात अडकवून फिरायचं. झोपेत वास नाकात मुरतो. मग तो वास म्हणजेच घर!

धुण्याचं मशीन तळघरातच, माझ्या दाराशी. तिथल्या ढिगातून मी माझा लाल-काळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट उपसला. हुंगला. डोळ्यांतून पाणीच आलं! मनात म्हटलं, वा ब्रिटा, काय राबतेस गं तू!

झालं, पिशवी तयार. दोघं आत शिरले, त्या चिंध्यांना मिठी मारून घोरायला लागले. मी खूश. मग हळूच बोट आत घातलं.

मिक्सरमध्ये चमचा अडकल्यावर कसा आवाज येतो? तसा! आणि वर कडकडून चावा!

"हात मागे घ्यायचा नाही!" डनेल फोनवर ओरडली. "मागे घेतलास की त्यांना कळतं, ही घाबरली!"

"अगं, पण मी घाबरलेच आहे!"

"मग तंबूत बस त्यांच्याबरोबर."

बसले! खोलीत लहान मुलांचा तंबू ठोकला, बोटांना दही लावलं आणि बसले. त्यांनी दही चाटलं. बोट चावलं. मग दोघं चिंध्यांत तोंड खुपसून बसले, ते अशा नजरेने बघत, की ही कोण बया?

तेवढ्यात मार्लिसबाई, म्हणजे हॉल्वर्सनसाहेबांच्या मिसेस, दाराशी आल्या. मी तंबूतून तोंड तेवढं बाहेर काढलं.

"ब्रिटा, आर्नचा शिकारीचा शर्ट पाहिलास का गं?" त्या कुजबुजल्या. "त्याचं नशीब आहे म्हणे त्यात. कधी धुऊ देत नाही. मी चोरून खाली आणून टाकला, तर गायबच! आणि यंदा एकही हरीण मिळालेलं नाही त्याला. घरात नुसता गुरगुरत फिरतोय."

"दिसतो कसा?"

"लाल-काळ्या चौकड्यांचा."

"अहो, तसला तर अख्ख्या मिनेसोटाकडे असतो!"

आम्ही दोघी खूप हसलो. हो, मीसुद्धा!

मग आला थँक्सगिव्हिंगचा सण. मार्लिसबाईंनी जेवायला वर बोलावलं. मी डनेलला विचारलं, "पिशवी काढून ठेवू?"

"वेडी आहेस का? सवय मोडेल! स्वेटरखाली घाल."

घातली. आजीच्या मापाचा ढगळ स्वेटर आणि त्याखाली दोन झोपलेली पोरं. टर्की आली, बटाटे आले, वाडगाभर ग्रेव्ही आली. हॉल्वर्सनसाहेब मात्र ताटाकडे असे बघत होते, जणू टर्कीनेच त्यांचा अपमान केलाय. आणि डलुथचा नोव्हेंबर तो! प्लेट वाढून होईस्तोवर बाहेर अंधार. अंधार पडला की ग्लायडर उठतात. आणि उठले ते थेट साहेबांच्या समोर!

स्वेटर हलला. पुन्हा हलला, या वेळी दोन्हीकडून.

मार्लिसबाईंचा काटा हवेतच थांबला. "ब्रिटा... तुझं पोट हलतंय."

"भूक लागलीय!"

"भुकेने पोट असं हलत नाही, बाळा." त्यांचे डोळे भरून आले. "आईला सांगितलंस का?"

"कोण आहे तो?" साहेब गरजले.

मला वाटलं, सापडले आता! "एक नाही, दोन आहेत!" मी घाईघाईने कबूल केलं.

"जुळं!" मार्लिसबाईंनी खुर्चीच धरली.

आणि माझ्या स्वेटरच्या गळ्यातून पिकल बाहेर आला.

मार्लिसबाई किंचाळल्या. पिकल माझ्या डोक्यावर चढला, नाक हवेत, हुंग हुंग हुंगलं, आणि झेप! टर्कीवरून, ग्रेव्हीवरून, तरंगत थेट साहेबांच्या छातीवर! मागोमाग वॉफल. ती दाढीतून शिरली ती सरळ कॉलरच्या आत!

मी डोळे मिटले. संपलं. गादी बर्फात.

पण आवाजच नाही! डोळे उघडले तर साहेब पुतळा झालेले. पापणीसुद्धा हलत नव्हती. आयुष्यभर मचाणावर बसलेला माणूस तो! पिकल त्यांची भुवई चाटत होता. वॉफलने कॉलरमध्येच जांभई दिली.

"अख्खा सीझन," साहेब ओठ न हलवता पुटपुटले, "अख्खा सीझन श्वास रोखून बसलो. एक जनावर फिरकलं नाही माझ्याकडे. एक!"

आता सगळं ठीक होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात पिशवीतून वर ओढली गेलेली एक चिंधी स्वेटरच्या गळ्यातून ताटात पडली. मासे पकडायच्या दोऱ्याने शिवलेलं बटण होतं तिला. माझ्या शर्टाला असलं बटण कधीच नव्हतं.

साहेबांनी चिंधी ओळखली. "मार्लिस. माझा शर्ट खाली कसा गेला?"

मार्लिसबाई ग्रेव्हीत बघत म्हणाल्या, "धुवायला."

"धुवायला?!"

शर्ट फाडला, घरात जनावरं आणली, जुळ्यांची बातमी दिली, सगळं मागे पडलं! साहेब दुखावले ते त्या एका शब्दाने. पण ओरडता येईना, कारण वॉफल कॉलरमध्ये पुन्हा झोपली होती. अख्खं भांडण कुजबुजत झालं.

शेवटी निकाल लागला. मला तळघरातून काढलं नाही. पिकल आणि वॉफल मात्र वर राहतात, साहेबांच्या गळ्यातल्या पिशवीत. मला रविवारी भेटायची परवानगी आहे. मागच्या रविवारी मी प्रेमाने हात पुढे केला, तर दोघं असे किंचाळले की खिडकीची काच थरथरली!

साहेबांनी त्यांना थोपटलं आणि मला अगदी समजुतीने म्हणाले, "मनावर नको घेऊस गं. परक्या माणसांची त्यांना जरा भीती वाटते."