आयुधपूजेला फुटलेला पाय

आयुधपूजेच्या सकाळी त्रिपुरसुंदरीबाईंनी देवासमोर पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली आणि नवऱ्याचा जुना पाना मांडला. थोडी जागा उरली, म्हणून मुलाचा रोबोही मांडला. त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. हरिकृष्ण आंघोळ करून येईपर्यंत कापूर विझलासुद्धा होता.

"आई, हे काय केलीस? संध्याकाळी मॅडमना दाखवायचा आहे तो!"

"उद्या दाखीव. पूजेस ठेवलेल्या आयुधास आज हात लावायचा नाही. ठाऊक नाही तुज?"

ठाऊक कसं नसेल? या दिवशी सगळ्या कुंभकोणमात हत्यारं सुट्टीवर असतात. शेजारच्या दारासुरम गावातले विणकरांचे मागसुद्धा गप्प होतात. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या या घराण्याने घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ असा संसार चालवला, पण आयुधपूजा दोन्ही भाषांत सारखीच कडक पाळली.

चेन्नईच्या कंपनीत हरिकृष्णाने दोन वर्षं खपून हा रोबो केला होता. दिसायला बोटभर काड्यांचा सांगाडा, काडीच्या प्रत्येक टोकाला चुंबक. एखादी काडी मोडली की तो ती टाकून दुसरी ओढून घेई, आणि जास्तीच्या मिळाल्या तर जोडून मोठा होई. आज कंपनीच्या प्रमुख लावण्या मॅडमना व्हिडिओ कॉलवर तो पसंत पडला तर काम पुढे चालणार होतं. नाही पडला, तर प्रकल्प बंद आणि हरिकृष्ण घरी.

त्यात बाईंनी सुट्या काड्यांचा अख्खा डबा उपडा करून रोबोभोवती सुबक रांगोळी मांडली होती. भुकेल्यासमोर पानच वाढून ठेवलं म्हणा ना! आणि रोबोचं बटण चालू राहिलं होतं.

शेजारच्या कामाक्षीबाई सुंडलची वाटी घेऊन आल्या, नमस्काराला वाकल्या आणि तशाच मागे सरकल्या. उकडलेले हरभरे घरभर झाले.

"अय्यय्यो! त्रिपुरक्का, तुमच्या आयुधास पाय फुटला!"

खरंच फुटला होता. सगळ्यांच्या देखत रोबोने रांगोळीतली आणखी एक काडी ओढली आणि दुसरा पायही काढला. मग तो विळीला वळसा घालून पाटाच्या कडेला येऊन उभा राहिला. डोक्यावरचं फूल काही पडलं नाही.

ही बातमी रस्त्यावर जायला कामाक्षीबाईंचा आवाज पुरेसा होता. घटकेत ओसरी भरली. कोणी तोंडावर हात धरला, कोणी दोन्ही कानांना. दारासुरमचे विणकर सुंदरेश तर गर्दी सारून पुढे आले. पण धक्का कसला, तर रोबो वाढतो याचा नव्हे. तो आज काम करतोय याचा. "मी आज सुटलेला धागासुद्धा गाठला नाही," ते तमिळमध्ये ओरडले, "आणि हा पूजेत बसून राबतोय!"

"अपशकुन आहे," कोणीतरी म्हणालं. त्रिपुरसुंदरीबाईंचा चेहरा उतरला.

अशा वेळी व्यंकोबामामांना बोलावतात. मामा बाईंचे थोरले भाऊ. गोत्रापासून गटारापर्यंत सगळ्या बाबतींत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी चष्मा पुसला, रोबोकडे बराच वेळ पाहिलं आणि भाच्याला विचारलं, "हे खाते?"

"काड्या घेतो, मामा."

"वाढते?"

"हो."

"दुखले-खुपले तर?"

"आपलं आपण बरं करतो!" हरिकृष्णाने जोर लावला.

"मग हे आयुध कसे? विळी कधी वाढली का? हे लेकरू आहे. लेकरास पूजेत डांबून ठेवणे पाप. उचल."

हरिकृष्णाला मामांना मिठी मारावीशी वाटली. बाईंनी स्वतःच रोबोला अलगद उचललं, मांडीवर घेतलं आणि इतक्या लोकांची नजर लागली म्हणून मीठमिरच्यांनी त्याची दृष्टही काढली.

संध्याकाळी कॉल लागला. सकाळची मंडळी पुन्हा हजर होती. रोबोने मॅडमसमोर चार काड्या घेतल्या आणि वीतभर उंच झाला. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "छान! आता दुरुस्ती दाखव. पाय मोड."

हरिकृष्णाने हात पुढे केला आणि ओसरीवर किंकाळी उठली.

"लेकराचा पाय मोडतोस?" बाईंनी रोबोला कवटाळलं.

"आई, लगेच बरा होतो गं!"

"लहानपणी तुझा हात मोडला, तोही बरा झाला. म्हणून मी पुन्हा मोडून दाखविले का कोणास?"

हरिकृष्णाने रोबो ओढला, बाईंनीही ओढला, आणि कट्‌ करून पाय बाईंच्याच हातात आला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रोबो मात्र जमिनीवर सरपटत गेला, त्याने एक काडी शोधली, जोडून घेतली आणि उभा राहून चालत बाईंच्या पदराशी आला. बाईंनी तो नवा पाय तीनदा चाचपून पाहिला.

"उत्तम!" फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. "प्रकल्प चालू राहील, हरिकृष्ण. फक्त मघाशी चित्र जरा अडकलं होतं. आणखी एकदा मोडून दाखव ना."

त्रिपुरसुंदरीबाईंनी डोळे पुसले. त्यांनी फोन उचलला, पूजेच्या पाटावर विळी आणि कात्रीच्या मधोमध ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. ते नेमकं मॅडमच्या कपाळावर बसलं.

"हॅलो? हॅलो?" मॅडम म्हणत राहिल्या. हरिकृष्ण फोनकडे झेपावला, तसा मामांनी त्याचा हात धरला.

"उद्या," मामा म्हणाले.