प्रमिलाकाकूंचा कंस

आमच्या प्रमिलाकाकू कुणालाही हाक मारताना दोन्ही तळहात तोंडाच्या दोन बाजूंना धरतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आवाज लांब जावा म्हणून सगळेच धरतात. पण काकू समोर दीड फुटावर बसलेल्या माणसालासुद्धा तसेच हात धरून हाक मारतात. कारण ते हात नव्हेत, कंस आहेत. डावा हात उघडणारा, उजवा बंद होणारा. "कंस लावल्याशिवाय काम होत नाही," असं त्या भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि एकदा बँकेच्या मॅनेजरलाही ऐकवून आल्या आहेत. हे खूळ त्यांच्या डोक्यात घालणारी बाई मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

मी राहते समाला आणि कंप्युटर शिकवते तरसालीच्या एका शाळेत, म्हणजे रोज अख्खं बडोदं ओलांडते. एवढ्यानं हौस फिटली नाही म्हणून मागच्या श्रावणात सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी 'पायथॉन, अगदी पहिल्यापासून' असा वर्ग काढला. कॉलेजची सहा मुलं आली. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या प्रमिलाकाकू आल्या, हातात उशी, पाण्याची बाटली आणि चष्म्याच्या दोन डब्या घेऊन. उशी खुर्चीवर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "वय विचारू नकोस. शिकव."

काकू विद्यापीठाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोटं अजून नोकरीतच आहेत. मुलं दोन बोटांनी टकटक करत असायची तेव्हा काकू मान वर ठेवून, कळफलकाकडे न बघता दहाही बोटांनी टाइप करायच्या आणि ओळ संपली की सवयीनं डावा हात हवेत सरकवायच्या. जुन्या टाइपरायटरचा दांडा सरकवावा लागे, तो.

यादी म्हणजे लिस्ट हा धडा तर त्यांना शिकवावाच लागला नाही. जन्मभर त्या याद्याच करत आल्या. लोणच्याच्या सामानाची यादी, प्रवासाच्या बॅगेची यादी, दवाखान्यात डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी. "यादी झाली की अर्धं काम पतलं," हे त्यांचं ब्रीद. आमच्या बडोद्यात काम संपत नाही, गुजरातीच्या शेजारानं ते पततं. मी फळ्यावर चौकोनी कंस काढून आत नावं लिहिली, मध्ये स्वल्पविराम दिले आणि म्हटलं, मोजणी शून्यापासून. यावर इंजिनिअरिंगच्या मुलांनी कपाळाला आठ्या घातल्या. काकू म्हणाल्या, "बराबर छे. आपल्या लिफ्टमध्ये पण तळमजला शून्यच असतो ने?" तो धडा तिथंच पतला.

फंक्शन मात्र त्यांना पहिल्या दिवशी चकवून गेलं. मी सांगितलं, एखादं काम कसं करायचं ते एकदाच लिहून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, मग नुसतं बोलवायचं. काकूंनी वर्गातल्या मुलांची नावं पुकारायचं काम लिहिलं. नाव ठेवलं 'हाक', तेही देवनागरीत. पायथॉनला मराठी नाव चालतं हे मला पंधरा वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं. मी तोंडात 'चालणार नाही' तयार ठेवून उभी होते आणि ते मुकाट्यानं चाललं. मग काकूंनी 'हाक' एवढंच टाइप करून बटण दाबलं. पडद्यावर 'हाक नावाचं फंक्शन इथे आहे' अशा अर्थाची एक ओळ आली आणि पुढं काही घडलं नाही.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "आहे म्हणून सांगतो, पण जागचा उठत नाही. आमच्या कचेरीतला शिपाई असाच होता."

"काकू, पुढे कंस लावा. उघडा आणि बंद करा. कंस लावला की ती हाक होते, नाहीतर नुसता उल्लेख."

काकूंनी कंस लावला आणि पडद्यावर सहाही मुलांच्या नावांनी हाका उमटल्या. "नुसता उल्लेख," असं त्या दोनदा पुटपुटल्या आणि वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा वाटलं, शब्द आवडला असेल. दुसऱ्या दिवसापासून ते तळहात सुरू झाले.

आता मंडळाबद्दल सांगते. आमच्या सोसायटीत मराठी बायकांचं एक मंडळ आहे आणि संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू हा त्याचा वर्षाचा मोठा सोहळा. त्याच्या आमंत्रणांची यादी करण्याचं काम पहिल्यापासून प्रमिलाकाकूंकडे. इतकी वर्षं ती एका लांब वहीत असायची. यंदा काकूंनी जाहीर केलं की यादी पायथॉनमध्ये होणार. त्यांनी खरोखरच केली. नाव घालायचं फंक्शन, नावं क्रमानं लावून घ्यायचं फंक्शन, मोजायचं फंक्शन आणि प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी छापणारं 'हाक'. शिकवणारीनं फुशारकी मारू नये म्हणतात, पण मी मारली. स्टाफरूममध्ये चार जणींना मोबाइलवर काकूंचा प्रोग्रॅम दाखवला आणि 'ही माझी विद्यार्थिनी' असं वर तोंड करून सांगितलं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. त्या प्रोग्रॅममध्ये नाव काढायची सोय नव्हती. रिमूव्ह मी तीन शनिवार लागोपाठ शिकवलं होतं. काकूंच्या वहीत ते सुवाच्य अक्षरात उतरवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. मी दोनदा म्हटलं, "काकू, रिमूव्ह राहिलं." दोन्ही वेळा त्यांनी मला गूळपोळी दिली. गूळपोळी तोंडात असताना माणसाला दुसऱ्याच्या चुका काढता येत नाहीत.

पौषात मंडळाची बैठक झाली. शोभाताई आमच्या सेक्रेटरी. बाई वाईट नाहीत. उलट कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्यांचा जातो. पण त्यांना 'लोक काय म्हणतील' याची धास्ती फार, आणि लोक म्हणजे कोण हे त्यांनाही सांगता येत नाही. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "प्रमिलाकाकू, यंदा तेवढं वैशालीचं नाव काढून टाका. बिचारीलाच अवघड होईल."

वैशाली म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधली. चौतीस वर्षांची. तिचा नवरा रेल्वेत होता, दिवाळीच्या आधी झटका येऊन गेला. तेव्हापासून तिचं दार दुधाच्या पिशवीपुरतं उघडायचं. आमच्यात रीतच होती तशी. नवरा गेला की संक्रांतीच्या यादीतून बाईचं नाव जायचं. कुणी भांडत नसे, कुणी बोलत नसे, पुढच्या वर्षी नुसतं आमंत्रण येत नसे. मला ती रीत कधीच पटली नाही, आणि मी तिच्याविरुद्ध कधी तोंडही उघडलं नाही.

काकू शांतपणे म्हणाल्या, "काढायचं कसं ते मला येत नाही हो, शोभा. घालायचं शिकलेय. काढायचं अजून आलं नाही."

"मग छापील कागदावर रेघ मारू."

"छे छे! कंप्युटरची यादी हातानं खोडायची नसते. सगळा प्रोग्रॅम हेराण होतो."

असला अफाट खोटेपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. पण कंप्युटर म्हटल्यावर बैठकीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. शोभाताई माझ्याकडे वळल्या. "रेवती, तू शिकवतेस ना? तू काढून दे."

माझ्या पायावर एक पाय पडला. वजन काकूंचं होतं.

"ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे," मी म्हटलं. "मलाही अजून नीट येत नाही."

पंधरा वर्षं कंप्युटर शिकवणारी बाई हे बोलली, आणि सगळ्यांनी सहज विश्वास ठेवला याचं मला जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला काकूंच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला आणि कपाटातून ती जुनी लांब वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. वर्षावर्षांच्या याद्या. टाइप केल्यासारखं अक्षर. मधूनच एखाद्या नावावर लाल पेन्सिलीची रेघ, पट्टी लावून मारलेली.

"या सगळ्या रेघा माझ्या हातच्या," काकू म्हणाल्या. "कमलची बघ. तिला मी रस्त्यात भेटले तर ती दुसऱ्या बाजूनं जायची, आणि मला वाटायचं, हिला काय झालं? पान उलट."

मी उलटलं. त्या पानावर एकच रेघ होती. प्रमिला या नावावर.

"हे मार्गशीर्षात गेले. पौषात यादी करायची वेळ आली. काम तर माझंच होतं. पट्टी घेतली आणि ओढली. सरळ आली बघ, जरासुद्धा वाकडी नाही. यादी नेऊन दिली. बायकांनी वाचली. मला वाटत होतं कुणीतरी म्हणेल, अगं प्रमिला, राहू दे तुझं नाव. एकजण तरी म्हणेल." त्यांनी चहा गाळला. "कुणी नाही म्हणालं. अकरा वर्षं झाली. दर वर्षी सगळ्यांना आमंत्रणं मीच पाठवते आणि त्या दिवशी घरी टीव्ही बघते. म्हणून मला असं काही शिकायचं होतं, ज्यात खोडता येत नाही."

"पण काकू, खोडता येतं."

"ते तुला नि मला ठाऊक. बास."

मी घरी आले आणि पोळ्या लाटताना रडले. नवऱ्यानं विचारलं तर कांद्याचं निमित्त सांगितलं. त्या दिवशी भाजी भेंडीची होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी झाडांना अजून उत्तरायणातले पतंग लटकत होते. हॉलच्या दारात शोभाताई करंडा घेऊन उभ्या, आत टेबलावर तिळगूळ आणि वाणाच्या स्टीलच्या गाळण्या. यादी, लॅपटॉप आणि प्रिंटर माझ्याकडे. साडेपाचपर्यंत बहुतेक जणी आल्या, वैशालीसमोर मात्र खूण नव्हती. चिठ्ठी तिला पोचली होती. यादीत नाव होतं. पण ती आली नाही.

काकू अंगणात आल्या. वैशालीच्या गॅलरीखाली उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळहात तोंडाशी धरून त्यांनी हाक मारली, "वैशाली!" थोडं थांबून परत, "वैशाली!" समोरच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पतंगाचा दोर गुंडाळणारे लोक वाकून बघायला लागले. काकूंना त्याचं काही नव्हतं. पाचव्या की सहाव्या हाकेला दार वाजलं. वैशाली जिना उतरून आली, साध्या निळ्या साडीत, डोळे सुजलेले. काकूंनी तिचा हात धरून तिला हॉलच्या दारापर्यंत आणलं.

शोभाताईंच्या हातात करंडा तसाच राहिला. त्यांनी वैशालीकडे पाहिलं, मग माझ्या टेबलावरच्या कागदाकडे. "यादीत आहे ना ग तिचं नाव?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"यादीत आहे म्हटल्यावर मग झालं," शोभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी इतक्या घाईनं तिला कुंकू लावलं की मला कळलं, बाईला मनातून हेच हवं होतं, फक्त कुणाचा तरी हुकूम पाहिजे होता.

मी वैशालीच्या नावापुढं खूण केली आणि वर पाहिलं तर काकू नव्हत्या. त्या अंगण ओलांडून आपल्या जिन्याकडे चालल्या होत्या, टीव्ही बघायला. मी यादी भराभर खालपर्यंत वाचली. कमल होती. त्या लाल रेघांच्या सगळ्या होत्या, एकूणएक परत घातलेल्या, पण त्यांच्यापैकी कुणी अजून आली नव्हती. प्रमिला नव्हती. स्वतःचं नाव खोडलं होतं स्वतः, पण घालायला त्यांचा हात धजला नव्हता.

मी लॅपटॉप उघडला, एक ओळ लिहिली, यादी नव्यानं छापली आणि पायरीवर येऊन दोन्ही तळहात तोंडाशी धरले.

"प्रमिलाकाकू!"

त्या वळल्या. "ओरडतेस कशाला ग? मी काय बहिरी आहे?"

"कंस लावलाय, काकू. या."

"माझं नाव नाही त्यात."

"शेवटून बघा."

त्या परत आल्या, रागावल्यासारख्या. चष्मा बदलला. कागद डोळ्यांपासून लांब धरून खालून वर वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. त्यांनी मान वर केली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"रेवती, हे काढता येतं का ग?"

"मला नाही येत," मी म्हटलं.

वैशालीनं शोभाताईंच्या हातातून करंडा घेतला. काकूंनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी बंद केली आणि कपाळ पुढं केलं.