टाकीच्या सावलीची ओटी

आमच्या गल्लीत इंदूकाकू सरवद्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली चैत्रात रुसली आणि सूर्याचं ऐकेनाशी झाली.

काकूंचं शेवयांचं मशीन. वीज दिवसभर जायची, म्हणून गच्चीवर सौर पॅनेल बसवले. पहिल्याच दिवशी सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर येऊन बसली. मुश्ताक फिटर म्हणाला, "काकू, सगळे एका तारेत ओवलेत. एकावर सावली पडली की सगळी रांग ढेपाळते." त्याने पॅनेल टाकीच्या दक्षिणेला हलवले. तिकडे सावली जात नाही, असं त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. सावली ट्रेनिंगला नव्हती. भर बारा वाजता ती उन्हाच्या तोंडावरून चालत दक्षिणेला गेली.

मशीन बंद. बायका रव्याचे डबे घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या गोदाबाईकडे निघाल्या. "हंगाम गेला तर मशीन विकावं लागेल, आबा," काकू मला म्हणाल्या. गल्लीतले रुसवेफुगवे मीच काढतो. निम्मे लावतोही मीच.

सावलीसमोर मांडी घालून बसलो. "काय म्हणणं आहे, बाई?"

"पॅनेलचा नारळ फोडला तेव्हा सगळी गल्ली बोलावली," सावली म्हणाली. "फिटरला टॉवेल-टोपी. त्याच्या शिडीलासुद्धा कुंकू. मला?"

"तू तर घरचीच की," काकू म्हणाल्या.

"घरचीच. एकोणीस उन्हाळे कुरडयांवरचे कावळे हाकलत बसलात, ते कुणाच्या मांडीवर?"

काकू म्हणाल्या, "चुकलंच गं माझं," आणि खण-नारळ घेऊन आल्या.

"पण हिला पदर कुठाय?" मुश्ताकने विचारलं.

"तू तुझे स्क्रू बघ," मी म्हणालो.

ओटी भरली. तांदूळ गच्चीवरच सांडले, पण मानाने सांडले.

सावली निवळली, तरी हलेना. "भरल्या ओटीने जाऊ कुठं? मला माहेर कुठाय?"

"माझी गच्ची आहे ना," मी म्हणालो.

"आबा, तुमच्या मिरच्या वाळायच्यात तिथं," काकू म्हणाल्या.

"मिरच्या अंगणात वाळतील. लेक काय रोज येते?"

तेव्हापासून चैत्र-वैशाख टाकी बिनसावलीची उभी असते आणि काकूंचं मशीन दिवस मावळेपर्यंत घरघरतं. सावली माझ्या गच्चीवर असते. मी दुपारी तिच्यात बाज टाकून झोपतो, ती काही बोलत नाही. मृग लागला की तिला पोचवून येतो. रिकाम्या हाताने पाठवत नाही, ब्लाउजपीस देतो.